शेजाऱ्याच्या ओसरीवरून पाहिलेलं घर

एकदा एक शिंपी आपल्या गुरूंकडे गेला आणि म्हणाला, "अप्पा, एका घराने माझी झोप उडवली आहे." घर अजून त्याने घेतलेलंही नव्हतं. पण माणसाचं असंच असतं. वस्तू दारात यायच्या आधीच तिची काळजी येऊन पथारी पसरते.

शिंप्याचं नाव रंगनाथ. लहानपणी तो अप्पांपाशी अक्षरं गिरवायला बसला आणि अक्षरं येऊ लागल्यावरही यायचा थांबला नाही. अप्पा गावाच्या टोकाला, घाटावरच्या धर्मशाळेत राहत. वय झालं होतं, कानांनी ऐकू कमी येई, म्हणून समोरच्याचं बोलणं ते त्याच्या तोंडाकडे टक लावून ऐकत. त्यामुळे त्यांच्यापाशी थाप मारणं जरा कठीणच जाई.

रंगनाथ भाड्याच्या घरात जन्मला, भाड्याच्या घरात बोहल्यावर चढला, आणि त्याची लेक भाड्याच्या घरातूनच सासरी गेली. मालक बदलले, खोल्या बदलल्या, पण भिंतीला खिळा ठोकण्याआधी विचारायची सवय तेवढी कायम राहिली. सध्या तो आणि त्याची बायको मथुरा तेलघाण्यामागच्या एका खोलीत राहत होते. तिथे भरदुपारी दिवा लावावा लागे. सुईत दोरा ओवायला रंगनाथ उंबऱ्यात येऊन उभा राही.

मथुरा कधी काही मागत नसे. फक्त बाजारातून येताना कुणाच्या दारात रांगोळी दिसली की तिची पावलं मंद होत. रांगोळी पाहते आहे असं ती दाखवी, पण ती दार पाहत असे. रंगनाथाला हे केव्हाच कळलं होतं, आणि कळलं आहे हे त्याने तिला कळू दिलं नव्हतं. देता येत नाही त्याविषयी बोलून काय करायचं, असं तो स्वतःला समजावी. पण आत कुठेतरी तुटत असे.

आता कुंभारआळीतलं एक घर विकायला निघालं होतं. मालक म्हातारपणाचं कारण सांगून मुलाकडे राहायला गेला होता. किंमत रंगनाथाला झेपेल अशी होती. दोन खोल्या, पुढे अंगण, आणि उत्तरेच्या अंगाला ऐसपैस पडवी. त्या पडवीत सकाळपासून संध्याकाळपर्यंत डोळ्यांना न खुपणारा शांत उजेड. पहिल्यांदा तिथे उभा राहिला तेव्हाच रंगनाथाने मनातल्या मनात आपलं शिवणयंत्र तिथे मांडलं, आणि शेजारी पाट टाकून मथुरेला काजं करायला बसवलं. मालक अभिमानाने म्हणाला होता, "या पडवीचं सगळं पाणी उत्तरेला उतरतं. शास्त्राप्रमाणे बांधली आहे. इथली लक्ष्मी हलायची नाही."

लक्ष्मीचं ठाऊक नाही, पण त्या घरातून एकामागून एक तीन मालक मात्र हलले होते. कारण होता उत्तरेचा शेजारी, गेनबा कुंभार. त्याच्या शिव्यांवर म्हणे आळी जागी होई. तो बोलून थांबत नसे. मनात आलं की फुटक्या खापऱ्या उचलून शेजारच्या अंगणात भिरकावी. रंगनाथाने गावात ज्याला ज्याला विचारलं, त्याने त्याने कानाला हात लावले. पानवाला तर म्हणाला, "फुकट दिलं तरी घेऊ नका, मास्तर. जळत्या घरात राहाल, पण गेनबाच्या शेजारी नाही."

"तर आता तुम्हीच सांगा," रंगनाथ अप्पांना म्हणाला. "घ्यावं की नाही?"

अप्पांनी विचारलं, "घर पाहिलंस?"

"कितीदा तरी."

"आणि शेजार?"

"ऐकला."

अप्पा उठले, काठी घेतली आणि वहाणा पायांत सरकवत म्हणाले, "चल."

कुंभारआळीत शिरल्यावर रंगनाथाने खिशातून किल्ली काढली. मालकाने ती विश्वासाने त्याच्याकडे ठेवली होती. त्याने लगबगीने पुढे होऊन कुलूप उघडलं, आणि वळून पाहतो तर मागे अप्पा नाहीत. ते दारावरून सरळ पुढे गेले होते. गेनबाच्या ओसरीची पायरी चढून, खांबाला टेकून ते बसलेही होते. रंगनाथाने किल्ली कुलपातच सोडली. तो धावत गेला.

गेनबा चिखल मळत होता. त्याने मान वर करून दोघांकडे पाहिलं. "हा घर घेनार व्हय?" रंगनाथाकडे हनुवटी दाखवून तो अप्पांना म्हणाला. "मग त्याला आधीच सांगा, माज्याशी बोलायचं काम न्हाई."

"नाही बोलणार तो," अप्पा म्हणाले. "मला तहान लागली आहे. पाणी दे."

कुंभाराच्या दारातून तहानलेला म्हातारा कोरडा कसा जाईल? गेनबा कुरकुरत उठला, हात धुतले आणि गार पाण्याचा तांब्या आणून दिला. अप्पा सावकाश पाणी प्यायले आणि निवांत बसून राहिले. त्यांची नजर शेजारच्या घरावर होती.

रंगनाथाला अवघडल्यासारखं झालं. तो अप्पांसमोर वाकून हळूच म्हणाला, "अप्पा, कुलूप उघडलं आहे. आत येऊन पाहा ना, पडवी किती सुरेख आहे."

"आतून तू पाहिली आहेस," अप्पा म्हणाले. "इथे बस. इथून पाहा."

रंगनाथ बसला. त्याने पाहिलं, आणि क्षणभर त्याला ते घर ओळखूच आलं नाही. आतून जो उजेड वाटला होता, तो इथून डोक्यावर ओणवलेला काळा पत्रा होता. पडवीची वळचण हद्द ओलांडून चांगली दोन हात गेनबाच्या अंगणावर आली होती. तिच्याखाली पागोळ्यांनी जमिनीत खड्ड्यांची रांग खणली होती. गेनबाच्या ओसरीचा चौथराही तिथे पावसाने पोखरला होता. खड्डे खापऱ्यांनी बुजवलेले होते, आणि त्या खापऱ्याही पाण्याने उखडून वर आल्या होत्या.

रंगनाथ कुठे पाहतो आहे हे गेनबाने ओळखलं. बोलायचं नाही म्हणणारा गेनबा मग बोलू लागला. "पावसात मडकी न्हाई व्हत. गौरी-गनपतीचं काम तेवढं असतंय. मूर्त्या हितं ओसरीवर वाळत ठेवतो. वरनं तुमची धार पडली की उडतंय समदं. मूर्त्या पायाकडनं इरघळत्यात. वर मुकुट हाय तसाच, आन् खाली पाय न्हाईत. असला देव कुनाच्या घरी द्यायचा मी?"

"पन्हळ लावून भागलं नसतं?" रंगनाथाच्या तोंडून निघून गेलं.

"लावलीवती की एकानं. पाल्यानं तुंबली. काढायची तर माज्या अंगनात उतराया पायजे, आन् तवर आमचं बोलनं बंद." गेनबाचा आवाज चढला. "ज्यानं ही पडवी काडली त्याला मी हात जोडून सांगितलं व्हतं. तर मला म्हनतो, शास्त्राचं पानी हाय, अडवू नगंस!"

त्यानंतर गेनबाने त्या मालकाचा, त्याच्या शास्त्राचा आणि पत्रा ठोकणाऱ्या सुताराचा असा काही उद्धार केला की आळीतली कुत्री उठून दुसरीकडे जाऊन निजली. अप्पांनी तो शेवटपर्यंत ऐकून घेतला, तांब्या पालथा घातला आणि निरोप घेतला.

वाटेत रंगनाथ गहिवरून म्हणाला, "म्हणजे अप्पा, माणूस चांगला आहे बिचारा."

अप्पा थांबले. "असं मी कुठे म्हणालो? तोंड वाईटच आहे त्याचं. इतकी वर्षं शिव्या देणारा माणूस उद्यापासून ओव्या म्हणणार नाही." मग काठीवर दोन्ही हात ठेवून ते म्हणाले, "रंगा, माणूस घर समोरून पाहतो, कारण त्याची हौस तिथेच उभी असते. राहावं मात्र लागतं चारी बाजूंनी. त्या तिघांनी गावाला विचारलं, शेजारी कसा आहे. आपण शेजाऱ्याला कसे दिसणार, हे कुणी त्याच्या ओसरीवर बसून पाहिलं नाही. मला सांग, त्या घरात तुला सर्वांत काय आवडलं?"

"पडवी."

"आणि त्याला काय खुपतं?"

रंगनाथाने मागे वळून कुंभारआळीकडे पाहिलं.

"म्हणून शेजार कसा आहे, हा तुझा प्रश्नच नव्हे. पडवी मागे घेतली, आपलं पाणी आपल्या अंगणात उतरवलं, तरीही ते घर तुला हवं आहे का? हवं असेल तर घे. थोड्या शिव्या त्यातूनही उरतील. तेवढ्या ऐकाव्या लागतील."

"आणि लक्ष्मी?" रंगनाथाने चाचरत विचारलं. "पाण्याची दिशा बदलली तर?"

"शेजाऱ्याच्या देवाचे पाय विरघळवून ती तुझ्या घरात कशी सुखाने बसेल रे?"

घरी येऊन रंगनाथाने मथुरेला सगळं सांगितलं. सांगताना त्याचा आवाज खाली खाली जात होता. त्याच्यापासून काय दुरावत होतं, हे त्याचं त्यालाच ठाऊक. उमेदीची सगळी वर्षं ज्या उजेडाची त्याने वाट पाहिली, तो त्याने डोळ्यांनी पाहिला होता, आणि आता आपल्याच हातांनी तो छाटायचा होता.

"मग यंत्र कुठे ठेवाल?" मथुरेने विचारलं.

"पडवीत आता यंत्रापुरती जागा उरणार नाही, आतल्या खोलीत ठेवू. पण तिथे उजेड कमी पडेल गं."

मथुरेने दिव्याची वात जरा वर केली. मग म्हणाली, "खिडकी मोठी करू."

रंगनाथाने तिच्याकडे पाहिलं. आजवरच्या कुठल्याही घरात काही करायचं असलं की ती "विचारून बघा" म्हणत आली होती. आज "करू" म्हणाली. त्याचे डोळे भरून आले, आणि ते लपवावेत असं त्याला वाटलं नाही.

त्यांनी घर घेतलं. राहायला जायच्या आधी पडवी मागे घेतली आणि उतार आपल्या अंगणाकडे वळवला. काम चालू असताना गेनबा कंबरेवर हात ठेवून उभा होता. पत्रा वाकडा कापला म्हणून त्याने सुताराला दोन शिव्याही दिल्या. रंगनाथाला मात्र तो काही बोलला नाही, बरं नाही आणि वाईटही नाही.

श्रावण आला. रंगनाथाच्या अंगणात चिखल झाला. खिडकी मोठी केली तरी उजेड पडवीइतका पुरेना, आणि दोरा ओवताना त्याला अजूनही ती पडवी आठवे. शेजारच्या ओसरीवर मूर्ती ओळीने वाळत होत्या. एका सकाळी तो यंत्र चालवत बसला असताना कुंपणापलीकडून आरोळी आली. "ओ शिंपी! काय खडखड लावलीया पहाटंपासनं? मानसानं झोपावं का न्हाई? तेल घाला त्या मशिनीला!"

रंगनाथाचे पाय यंत्रावर थांबले. त्याला राग यायला हवा होता, पण आला नाही. आयुष्यभर त्याला "खोली रिकामी करा" म्हणणारेच भेटले होते. "तेल घाला" म्हणणारा हा पहिलाच. जाणाऱ्याला लोक जा म्हणतात, भांडतात ते राहणाऱ्याशी.

तो उठून चुलीपाशी गेला. मथुरा भाकरी थापत होती. त्याचा चेहरा पाहून तिने विचारलं, "काय झालं?"

"काही नाही," रंगनाथ म्हणाला. "आपल्याला शेजार मिळाला."