सोनेरी झुलीखालचा घोडा

एका राज्यात केरोबा नावाचा म्हातारा अश्ववैद्य होता. त्याच्या कानांत लहानपणीचा एक आवाज राहिला होता: ओल्या गवतावर पडलेल्या शिंगराची पहिली, कापरी खिंकाळी. राजाच्या पागेत तो आवाज सात वर्षे झाला नव्हता. शंखकर्ण हा राजाचा वळू घोडा दिसायला तेजस्वी, पण त्याच्यापासून एकही घोडी गाभण राहत नव्हती.

राजा चंडकेतू म्हणाला, "या वसंतातही घोडी रिकामी राहिली, तर घोड्याचा बळी द्या."

शंखकर्णाची आई त्याला जन्म देताना गेली होती. केरोबाने त्याला बोळ्याने दूध पाजून वाढवले होते.

त्याने झाडपाला दिला, मुळ्या दिल्या. गुण येईना. एके सकाळी तुळईवरचा भारद्वाज पक्षी बोलला,

"म्हातारबा, घोड्याला कधी हात लावतोस का?"

"रोज लावतो."

"झुलीखाली?"

केरोबाने घोड्याच्या पाठीवरच्या झुलीकडे पाहिले. ती सोनेरी झूल राजाकडून हरलेल्या एका जादूगाराने नजराणा म्हणून दिली होती. राजाने सात वर्षांपूर्वी दसऱ्याला ती स्वहस्ते घोड्यावर चढवली होती. दुसऱ्या कुणी उतरवली, तर त्याचा उजवा हात तोडायचा, असा दंडक होता. झुलीखालून टपकणारा घाम केरोबा सात वर्षे पाहत होता. हातासाठी गप्प बसला होता.

"कामे तीन," पक्षी म्हणाला. "हात लाव. झूल काढ. मग चार पंधरवडे थांब. उष्म्याने बीज जळते; नवे यायला तेवढे दिवस लागतात. थांबणे सगळ्यांत अवघड."

केरोबाने झुलीखाली हात घातला. अंग तव्यासारखे तापले होते. त्याने झूल उतरवली.

राजा आला. "तुझा उजवा हात आता माझा."

"आपलाच, महाराज. पण शिंगरू ओढायला लागेल. तोवर उसना द्या."

"दिला. घोडी आजच आण."

"चार पंधरवडे नाही, महाराज. हात घेतलात तरी नाही."

राजाने झूल खजिन्यात ठेवायला लावली आणि तो थांबला. चार पंधरवडे सरले, आणि वसंत संपण्याआधी घोडी गाभण राहिली.

अकरा महिन्यांनी ती अडली. केरोबाने उजव्या हाताने अडकलेला पाय सोडवला आणि शिंगरू ओढून काढले. ते खिंकाळले. त्याच क्षणी खजिन्यातल्या झुलीची राख झाली.

राजा तलवार घेऊन दारात उभा होता. केरोबाने ओला हात गव्हाणीच्या कडेवर ठेवला.

"परत घ्या, महाराज."

शिंगरू उठले, पडले, पुन्हा उठले. शेजारच्या दावणीवरून शंखकर्णाने मान वळवून त्याला हुंगले. राजा बराच वेळ पाहत राहिला. मग त्याने तलवार कडब्यावर ठेवली आणि तो निघून गेला.