अंतऱ्याआधी संपलेली टेप

“...मग हीच का, बुवा? घरी एवढं स्वच्छ गाणं पडलंय. मला ही खरखरच का लागते?”

विचारणारा श्रीकर आठल्ये, पुण्याचा. जुन्या चोरट्या टेपा जमवायचा. खाजगी मैफलीत कुणीतरी लपूनछपून केलेलं, एकाच माइकवरचं, मोनो. असलं काही हाती लागलं की या मंडळींना जेवण सुचत नाही. माणूस वाईट नव्हता. आपल्याला गाणं कळतं, एवढं मात्र त्याला जरा जास्तच कळायचं.

समोर बसले होते दामूबुवा. मिरजेत, तंबोरे करणाऱ्यांच्या गल्लीत एका खोलीत राहायचे. शिकवणं सुटलेलं. गाणंही सुटल्यातच जमा.

श्रीकरनं टेप लावली होती. आवाज बुवांच्या गुरुजींचा, कुरुंदवाडची सकाळची मैफल, राग खट. मधेच कुणी खोकत होतं. कुणाची कपबशी वाजत होती.

पहिला स्वर आला तसा बुवांनी कानाच्या पाळीला हात लावला.

“माइक कुठं ठेवला होता?”

“फुलदाणीत, म्हणतात. गुरुजी टेप करू द्यायचे नाहीत ना?”

“छे! यंत्र दिसलं की तंबोरा गवसणीत.”

“मग ही...”

“चोरीच की.”

“म्हणून गोड लागते?”

बुवा सुपारी कातरत राहिले.

श्रीकरला गप्प बसवेना. “मी साफ करून घेतली होती, बुवा. खरखर काढली, खोकला काढला. आवाज दोन्ही कानांत पसरवून घेतला. आणि ऐकायला बसलो, तर... गुरुजीच गेलेले!”

“ते कधीच गेलेत बाबा.”

“तसं नव्हे हो...”

“मग कसं?”

आता हे घ्या! विचारायला आलेल्यालाच विचारायचं. श्रीकरनं डोकं खाजवलं. खोकल्यात काय आहे? कपबशीत काय आहे? त्याला सांगता येईना. रोज सकाळी मात्र तीच टेप लावल्याशिवाय त्याला राहवत नव्हतं, हेही खरं.

तेवढ्यात स्थायी संपली. गुरुजींनी अंतऱ्यासाठी आवाज वर नेला आणि फट्... टेप संपली.

“इथंच!” श्रीकर जवळजवळ ओरडला. “दर वेळी इथंच मेली! बुवा, या चिजेचा अंतरा कुणाकुणाला म्हणून विचारला नाही मी? कुणालाच येत नाही. आता तुम्ही आहात, आणि तुमच्या...”

“माझ्यामागं कोण, असंच ना?”

श्रीकरनं मान खाली घातली.

“काढ तुझं यंत्र,” बुवा म्हणाले.

श्रीकरला खरंच वाटेना. त्यानं घाईघाईनं छोटा रेकॉर्डर काढून पानाच्या डब्याशेजारी ठेवला. बुवांनी तंबोरा जवळ घेतला.

गायले. सूर बरोबर, शब्द बरोबर. पण शाळेत हजेरी घ्यावी तसं गायले. अंतऱ्याच्या तोंडाशी आले आणि थांबले.

“उचल ते.”

“बुवा, पण...”

“उचल म्हणतो ना!”

श्रीकरनं रेकॉर्डर बंद केला आणि पिशवीत टाकला. आणि टाकता टाकता... जित्याची खोड, दुसरं काय! बटण पुन्हा दाबलंच. टक् वाजलं.

बुवांनी डोळे मिटले. स्थायी पुन्हा धरली.

आणि काय गायले म्हणता! शेजारी तंबोऱ्याचा भोपळा तासणाऱ्यानं हातातलं काम थांबवलं. रस्त्यावरून चाललेली एक बाई डोक्यावरच्या ओझ्यासकट दारात उभी राहिली. अंतरा आला, वर चढला, फिरून खाली उतरला. बाईच्या डोळ्यांत पाणी आलं.

श्रीकर मात्र पिशवी बघत होता. चालू आहे ना? कापडातून आवाज जाईल ना? त्यानं पायाच्या अंगठ्यानं पिशवी हळूच पुढं सरकवली. समेवर मान हलवली, तीही मागाहून.

गाणं संपलं. बाई निघून गेली.

श्रीकर एकदम पुढं वाकला. त्यानं बुवांचे पाय धरले.

“बुवा, मी चोर आहे! चालू होतं यंत्र... पिशवीत. तुम्ही विश्वासानं गायलात आणि मी...”

बोलता बोलताच त्यानं रेकॉर्डर बाहेर काढला. बुवांनी हात पुढं केला, पण तोवर त्यानं सगळं पुसून टाकलं होतं.

“पुसलंस?”

“पुसलं, बुवा.”

“सगळं?”

“सगळं.”

आता बुवा रागावतील, नाहीतर पाठीवर हात तरी ठेवतील, असं श्रीकरला वाटलं. दोन्हीतलं काही झालं नाही. बुवांचा चेहरा एवढासा झाला.

श्रीकर पार गोंधळला. चोरी केली तेव्हा म्हातारा गात होता. चोरी परत केली तर तोंड पाडून बसलाय.

“काही चुकलं का, बुवा?”

“अंतरा म्हण.”

“मी?”

“तूच. आत्ता ऐकलास की.”

श्रीकरनं आवाज लावला. स्थायी आली. पुढं त्यानं आ केला, आणि... काही नाही. पहिला शब्दसुद्धा नाही. त्याला रडू फुटलं.

“बुवा, एकदा... फक्त एकदा पुन्हा.”

“आता व्हायचं नाही.” बुवांनी तंबोऱ्यावर गवसणी चढवली. “इतका वेळ करत काय होतास?”

“माझं सगळं लक्ष पिशवीकडं होतं, बुवा.”

दामूबुवांनी मोठा सुस्कारा टाकला.

“माझंही होतं रे.”