न आटणारी गोणी

एका राज्यात, जिथे राजधानीभोवतीचा दगडी कोट वर्षानुवर्षं बांधूनच होत नव्हता, माळावर एक गाव होतं. घोंगडी विणणाऱ्यांचं. त्या गावाला शाप लागला होता. दिवसभर मागावर विणावं आणि दिवस मावळला की सगळं सुटावं. धागा न धागा मोकळा, खाली नुसता ढीग. लोकांनी पुन्हा विणलं, पुन्हा सुटलं. शेवटी हात टेकले. एकेक घर कोटाचे दगड वाहायला राजधानीकडे निघालं. राजाला काय, माणसं हवीच होती.

येसाक्का त्या गावातली जुनी विणकरीण. तिच्या लेकीनं, तुळजानंही गाठोडं बांधलं.

"आई, आठ दिवस थांबते. मग मात्र तूही चल."

येसाक्काला जायचं नव्हतं. खरं सांगायचं तर तिला काहीच करायचं नव्हतं, इतकी ती दमली होती. पण शाप आला होता तिच्याच दारातून. मग गप्प कशी बसणार?

झालं होतं असं. एक जादूगार आला आणि सोनेरी लोकरीची गोणी येसाक्काच्या ओसरीवर ठेवून गेला. कितीही उपसा, गोणी भरलेलीच! त्याच आठवड्यात सिदाप्पा धनगर दरसालासारखा काळी लोकर घेऊन आला. गावाची रीत अशी, की त्याच्या लोकरीचं पहिलं घोंगडं त्यालाच द्यायचं; आणि त्यानं आपली मेंढरं गावाच्या शेतात बसवायची, म्हणजे लेंडीखतानं शेत पिकायचं. येसाक्का म्हणाली, "आता कशाला ती राठ लोकर? ने परत."

सिदाप्पा गेला तो गेलाच. मेंढरं गेली, शेतं निकस झाली. आणि एका संध्याकाळी सोनेरी घोंगडी सुटू लागली, मग बाकीचीही.

येसाक्कानं गोणी पाठीवर घेतली. बांधावर टिटवी बसली होती. ती म्हणाली, "जादूगार समोरच्या डोंगरावर असतो. मी पुढे उडते, तू मागून ये. आणि कण्हू नकोस."

"कण्हणारच," येसाक्का म्हणाली. टिटवी बोलते याचं तिला नवल वाटलं नाही. नवल वाटायलासुद्धा अंगात जीव लागतो.

दुसऱ्या दिवशी ती डोंगरावर पोचली. जादूगार पाय पसरून बसला होता.

"गोणी परत घ्या," ती म्हणाली.

"दिलेली वस्तू मी घेत नाही. तीन कामं कर, शाप सुटेल. ज्याला हाकललंस त्याच्याकडून लोकर आण. सुताला लावायच्या खळीसाठी हडळीच्या चिंचेचे चिंचोके आण. तिसरं काम मग सांगेन."

येसाक्का डोंगर उतरली. सिदाप्पाचा मेंढरांचा वाडगा नदीपल्याड होता. तो मेंढरं मोजत राहिला, वर बघेना.

"राठ लोकर कशाला हवी आता?"

"चुकलं माझं."

"बस? एवढंच?"

"लांबलचक बोलायची ताकद नाही रे. पाय दुखतात. पण खरंच चुकलं."

सिदाप्पानं तिच्या सुजलेल्या पायांकडे पाहिलं आणि लोकरीचं ओझं बांधून दिलं. "रीत मोडायची नाही. पहिलं घोंगडं माझं."

"तुझंच," ती म्हणाली.

हडळ चिंचेच्या फांदीवर केस सोडून बसली होती. शंभर वर्षांचा गुंता. ती म्हणाली, "हा सोडव, मग चिंचोके ने." दुसरं कोणी पळालं असतं. येसाक्का धाग्यातला गुंता सोडवण्यात म्हातारी झालेली. ती दिवसभर बसली आणि एक केस न तोडता गुंता सोडवला. हडळीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं ओटीभर चिंचोके दिले.

पाचव्या दिवशी ती पुन्हा डोंगरावर आली.

"आता तिसरं," जादूगार म्हणाला. "पलीकडे खाली गाव दिसतं? तिथं चटया विणतात. ही गोणी तिथल्या कोणाच्या ओसरीवर ठेव. तुमचा शाप सुटेल."

"आणि त्यांच्या चटया?"

"सुटतील."

येसाक्कानं खाली पाहिलं. कोणी बाई अंगणात लव्हाळे वाळत घालत होती.

"माझ्या दारात तुम्ही अशीच ठेवलीत?"

"मलाही कोणी तरी दिली होती," जादूगार पुटपुटला.

येसाक्का मटकन खाली बसली. तुळजा डोक्यावर दगड वाहील, या विचारानं तिला रडू कोसळलं. रडून झाल्यावर तिनं पदरानं तोंड पुसलं.

"नाही होणार माझ्यानं. गोणी माझ्याजवळच राहील. तिच्यात कोणी हात घालणार नाही, माझ्या माघारी माझी लेकही नाही. शाप राहायचा तर राहू दे."

"वेडी आहेस!" टिटवी ओरडली.

"असेन. घराकडची वाट दाखव."

घरी येऊन तिनं गोणी कोपऱ्यात ठेवली. तुळजानं लोकर पिंजून सूत काढलं, चिंचोक्यांची खळ लावली. सुटणारच आहे तर कशाला, असं तुळजानं एकदाही म्हटलं नाही. सिदाप्पाला शब्द दिलेला होता. आठव्या दिवशी येसाक्का उजाडता मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसली आणि विणत राहिली. उरलेलं गाव दाराशी जमलं. दिवस मावळला. तिनं डोळे मिटून घेतले.

"सुटलं का गं?"

"नाही."

"नीट बघ."

तुळजानं काठ धरून जोरानं ओढला. वीण जागची हलली नाही. कोपऱ्यातली भरलेली गोणी आपोआप चपटी होऊन खाली बसली. आत पाहिलं तर मूठभर माती. तिकडे डोंगरावर जादूगार किती तरी वर्षांनी गाढ झोपला, असं टिटवी सांगते.

पुढे ते पहिलं घोंगडं सिदाप्पाला गेलं, त्याची मेंढरं शेतात बसली, शेतं पिकली, गेलेली घरं परत आली. पण ते पुढचं. त्या संध्याकाळी तुळजा मागाजवळ येऊन उभी राहिली.

"आई, उद्यापासून मी बसू इथं?"

येसाक्कानं लेकीचा हात धरला आणि कण्हत कण्हत खड्ड्यातून वर आली.

"बस बाई. मला कधीचं उठायचं होतं."

येसाक्काला मिळाला तसा विसावा तुम्हांआम्हां दमल्याभागल्यांना मिळो.