दोन जोड बूट

"मग टिकणारे बूट घेऊच नयेत का, मिस?"

शाल्मलीचा आवाज जरा चढलाच. रिकाम्या हॉलमध्ये तो घुमला, आणि तिचं तिलाच ते जाणवलं.

तेहमी मिस खुर्चीत बसून समोरच्या दोन जोडांकडे बघत होत्या.

लाकडी जमिनीवर दोन्ही शेजारी शेजारी ठेवलेले. दोन्ही फिकट गुलाबी, सॅटिनचे, लांब फितींचे. बॅले करणाऱ्या मुली ज्यांच्या टोकावर, पायाच्या बोटांवर, सगळं अंग तोलून उभ्या राहतात, ते बूट.

एक जोड शाल्मलीनं निवडला होता. दुसरा मिसनी.

पाचगणीत, आपल्या बंगल्यामागच्या हॉलमध्ये तेहमी मिस बॅले शिकवत. किती वर्षं, ते गावातही कुणाला नीट सांगता आलं नसतं. शाल्मली घोरपडे वाईची. शाळा सुटली की पसरणीचा घाट चढून यायची, लहान होती तेव्हापासून. आता सतरा वर्षांची झाली होती, आणि हॉलमध्ये तिच्या तोडीचं कुणी उरलं नव्हतं.

हे तिला माहीत होतं.

उद्या सकाळी मुंबईत निवड होती. परदेशातल्या एका बॅले शाळेचे लोक येणार होते आणि एकाच मुलीला घेऊन जाणार होते. फाटकापाशी बाबा गाडीत बसून वाट बघत होते. पण मिसना बूट दाखवल्याशिवाय त्यांची कुठलीच मुलगी परीक्षेला जात नसे.

मिसनी शाल्मलीचा बूट उचलला.

"हा किती दिवस वापरलास?"

"चार महिने." तिनं मान वर केली. "अजून आहे तसाच आहे. बाकीच्या मुलींचे महिन्याभरात मऊ पडतात, मिस. टाकून द्यावे लागतात. माझे बघा."

मिसनी तळव्याखालची पट्टी दोन्ही अंगठ्यांनी दाबली. अंगठ्यांची नखं पांढरी पडली. पट्टी हलली नाही.

"वाकत नाही."

"म्हणून तर टिकतो."

"चार महिने तू यात नाचलीस."

"हो."

"आणि हा वाकला नाही."

"नाही."

"मग वाकलं कोण?"

"माझे पाय मजबूत आहेत."

"हं..."

मिसनी तो बूट खाली ठेवला. दुसरा नुसता बोटानं पुढे सरकवला. पंधरवड्यापूर्वी त्यांनीच शाल्मलीचं माप घेऊन तो मागवला होता. टोकाला रुंद, पट्टी जरा नरम. शाल्मलीनं तो वर्गात दोन-तीनदा घातला आणि मग पिशवीच्या तळाशी टाकून दिला.

"यात काय खोट आहे?"

"यात माझा पाय पसरट दिसतो."

"पाय वाढलाय तुझा."

शाल्मलीच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

मागच्या वर्षी मुंबईहून एक पाहुण्या बाई आल्या होत्या. सगळ्यांसमोर तिचं पाऊल हातात घेऊन म्हणाल्या होत्या, "काय नाजूक, अरुंद पाऊल आहे! हे पाऊल यासाठीच जन्माला आलंय." तेव्हापासून शाल्मलीनं बुटाचं माप बदललं नव्हतं. पाऊल मात्र बदललं होतं.

"घाल," मिस म्हणाल्या. "तुझाच घाल."

तिनं घातला. फिती घोट्याभोवती गुंडाळल्या, गाठ आत खोचली. हे करताना तिनं श्वास धरून ठेवला होता. मिसनी ते पाहिलं की नाही, ते तिला कळलं नाही.

"वर जा."

भिंतीलगतच्या दांडीला हात टेकून ती बोटांवर चढली. मिस खुर्चीतून उठल्या, सावकाश गुडघ्यावर बसल्या आणि तिच्या टाचेवरचं कापड चिमटीत धरायला गेल्या. पाऊल बोटांवर उभं राहिलं की आखडतं, आणि टाचेशी चिमूटभर कापड सुटायला हवं.

चिमटीत काही आलं नाही. कापड ढोलकीच्या कातड्यासारखं ताणलेलं होतं.

"खाली ये. गुडघे वाकव."

तिनं वाकवले. गुडघे वाकले की पाऊल पुरतं लांब होतं. तेव्हा बोटांनी टोकाला नुसतं शिवायचं, आणि सरळ राहायचं.

शाल्मलीची बोटं आत मूठ वळावी तशी वळली होती. बाहेर गुळगुळीत गुलाबी सॅटिन. काही दिसत नव्हतं.

"बोटं सरळ आहेत?"

"हो."

"दुखतं?"

"नाही."

फाटकाशी हॉर्न वाजला. एकदाच, हळू.

मिस अजून खालीच बसल्या होत्या. तिथूनच त्यांनी वर, तिच्या तोंडाकडे पाहिलं.

"टाचेला मी हात लावू शकते. पोटरी बघू शकते. आत नाही बघू शकत. आत तू एकटीच आहेस."

शाल्मलीनं ओठ घट्ट मिटले.

"परत विचारते. शेवटचं. बोटं सरळ आहेत?"

"..."

"शाल्मली."

"हो, मिस."

मिस उठल्या. आता त्या रागावतील असं तिला वाटलं. रागावल्या तर काय बोलायचं, ते तिनं घाटातच ठरवून ठेवलं होतं. तिचं शरीर तिचं आहे. दुखणं तर सगळ्यांनाच असतं. एवढ्यावरून आयुष्यातली एकच संधी कुणी सोडत नाही.

मिस रागावल्या नाहीत. त्यांनी खुर्ची उचलली, खिडकीकडे तोंड करून ठेवली आणि शाल्मलीकडे पाठ करून बसल्या.

"नाच. उद्या करणार आहेस तेच."

"गाणं लावू?"

"नको."

गाण्याशिवाय ती कधी नाचली नव्हती. हॉलमध्ये तिच्या बुटांचा आवाज तेवढा होता. टक... टक... आणि श्वास. मिसचा पांढरा अंबाडा जागचा हलला नाही. खिडकीबाहेर सिल्व्हर ओकची झाडं आणि संध्याकाळचं ऊन.

गिरक्या आल्या. डाव्या पायावर उतरताना कळ अंगठ्यातून निघाली आणि थेट दातांपर्यंत गेली. ती हसत होती. नाचताना हसायचं, ही तिची सवय. एका पाठीकडे बघून आपण हसतोय हे तिच्या लक्षात आलं, तरी हसू तोंडावरून जाईना.

शेवटचा तोल. हात वर. थांबली.

मिस वळल्या नाहीत.

"डावा पाय उशिरा टेकतो."

"दमले असेन."

"पहिल्या पावलापासून?"

घाम तिच्या डोळ्यांत उतरला. मग तिचा धीर सुटला.

"मिस, असं का करता? सरळ सांगा ना! हे घालू नकोस म्हणा. तुम्ही नको म्हणालात तर मी नाही घालणार."

मिसनी मान वळवली.

"मी नको म्हटलं, तर उद्या तिथे माझे पाय नाचतील."

"मग... जाऊ?"

"तुला मी विचारलं. तू हो म्हणालीस." मिसनी दोन्ही जोड उचलले, एकेकाच्या फिती नीट गुंडाळल्या आणि तिच्या पिशवीत ठेवले. "जा."

"तुमचा विश्वास आहे माझ्यावर?"

मिसनी पिशवीची चेन लावली आणि पिशवी तिच्या हातात दिली.

त्यापेक्षा त्यांनी एक थोबाडीत मारली असती तर बरं, असं शाल्मलीला वाटलं.

घाट उतरताना बाबांनी विचारलं, "काय म्हणाल्या मिस?"

"जा म्हणाल्या."

"मग तोंड का असं?"

ती बाहेर बघत राहिली.

मुंबईत कपडे बदलायच्या खोलीत चारी भिंतींना आरसे होते. केसांचा स्प्रे, बूट घसरू नयेत म्हणून लावायच्या राळेचा वास, दबक्या आवाजातली कुजबुज. मुली एकमेकींकडे न बघता एकमेकींना बघत होत्या. शाल्मलीला तिथे कुणी ओळखत नव्हतं.

तिनं आपला कडक जोड घातला. फिती आवळल्या. उभी राहिली. सवयीनं गुडघे वाकवले.

बोटं सरळ आहेत?

कुणी विचारलं नव्हतं.

"हो," ती पुटपुटली.

शेजारची मुलगी वळली. "काही म्हणालीस?"

"नाही... काही नाही."

ती तशीच उभी राहिली. काल हेच उत्तर दिलं, तेव्हा ते ऐकायला समोर कुणीतरी होतं. आज ते उत्तर बोलणारी तीच आणि ऐकणारीही तीच. ऐकणारीला ते पटेना. तिनं पुन्हा म्हणून पाहिलं, या वेळी मनातल्या मनात. नाही पटलं.

बाहेर एक नाव पुकारलं गेलं. तिच्याआधी आता एकच मुलगी उरली होती.

ती खाली बसली आणि फितीची गाठ ओढू लागली. गाठ घामानं ओली झाली होती, सुटेना. नखांनी सुटली नाही. दातांनी धरून ओढली. दुसरं नाव पुकारलं गेलं. पिशवीतून केस कापायची छोटी कात्री काढून तिनं फितच कापली.

बूट निघाला.

कित्येक दिवस ती पाय धुवायची, पण पायाकडे बघायची नाही. आता बघितलं. डाव्या अंगठ्याचं नख काळं पडून अर्धं उचललं होतं. बाकीची बोटं बुटातून सुटल्यावरही वळलेलीच होती. तिनं ती हातानं एकेक करून सरळ केली. एकेका बोटाला ओठ चावावा लागला.

कापूस, पट्टी. मग मिसचा जोड.

"शाल्मली घोरपडे!"

ती नाचली.

तो जोड तिच्या अंगवळणी पडला नव्हता. एक गिरकी कमी पडली. लांबच्या तोलात ती हलली, आणि टेबलामागे बसलेल्यांपैकी एका बाईंनी तेव्हाच मान खाली घालून काहीतरी टिपलं. हे तिला दिसलं. पण डावा पाय वेळेवर टेकत होता. पायाखाली जमीन आहे, हे कित्येक महिन्यांनी तिला कळत होतं. ती हसली की नाही, ते तिला आठवत नाही.

संध्याकाळी नाव वाचलं गेलं. ते दुसऱ्याच मुलीचं होतं.

बाबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

चार-पाच दिवस ती घाट चढलीच नाही. मग एका दुपारी गेली.

मिस हॉलमध्ये एकट्याच होत्या. ओल्या फडक्यानं दांडी पुसत होत्या.

"नाव नाही लागलं, मिस."

"कळलं."

"मी ऐन वेळी तुमचा जोड घातला."

मिस पुसत राहिल्या.

"माझ्या जोडात लागलं असतं. त्यात मी चार महिने नाचले होते. ती गिरकी मला झोपेतसुद्धा येते."

"लागलं असतं, कदाचित."

तिला वाटलं होतं, मिस नाही म्हणतील. काहीतरी समजूत घालतील. तिचे डोळे भरून आले, आणि त्याचाही तिला राग आला.

"मग माझं चुकलं का?"

"..."

"मिस, मी तुमच्याशी खोटं बोलले होते. बोटं सरळ नव्हती."

"माझ्याशी नाही बोललीस."

फडकं दांडीच्या टोकापर्यंत गेलं. मिसनी ते पिळलं, खिडकीत वाळत टाकलं आणि हात पदराला पुसत तिच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"बूट बदललेस, तेव्हा खोलीत कोण होतं?"

"मुली होत्या."

"तुझ्याकडे कोण बघत होतं?"

शाल्मलीनं आठवून पाहिलं. आरसे. अंबाडे. पाठमोऱ्या मुली.

"कुणीच नाही."

"कुणीच?"

"कुणीच नाही, मिस. मी एकटीच."

मिसनी तिचा हात धरला आणि ओल्या दांडीवर नेऊन ठेवला.

"आधी त्या एकटीसमोर नाचता यावं लागतं. उभी राहा."