न हलणारा आकडा

एकदा एक वृद्ध माळी मातीविना, केवळ पोषक पाण्यावर लेट्यूस नावाची पालेभाजी पिकवत असे. टाकीतल्या पाण्याची जबाबदारी त्याने आपल्या शिष्येवर सोपवली. पाण्याची आम्लता सांगणारा पीएचचा आकडा साडेपाच ते साडेसहाच्या दरम्यान राहावा, एवढेच त्याने सांगितले होते.

शिष्येने मात्र मनाशी नेमका सहा धरला. आकडा किंचित चढला की ती तो उतरवणारे आम्ल घाली, उतरला की तो चढवणारे अल्क. एकदा घाईत आम्ल जास्त पडले आणि आकडा पाचाखाली गेला; घाबरून तिने अल्क ओतले, तो सातावर चढला. पाने पिवळी पडू लागली.

भाजी नेणारा व्यापारी आला. एक पान उचलून म्हणाला, "हिला काय हळद लागलीय का बाबा? शनिवारीही अशीच दिसली, तर मी दुसरीकडून घेईन."

तो गेल्यावर शिष्या म्हणाली, "बाबा, मी तासातासाला तपासते, तरी आकडा हलतोच. माझ्या हातून सगळं पीक जाणार."

वृद्धाने टाकीतले पाणी स्वतः सहावर आणले आणि त्यातून दोन छोट्या बादल्या भरल्या. एकीत चार रोपे ठेवली, दुसरीत काहीच नाही. मग आम्ल आणि अल्काच्या बाटल्या कपाटात ठेवून त्याने कुलूप लावले.

"दोन दिवस काही घालायचं नाही."

ते दोन दिवस शिष्या पुन्हा पुन्हा त्या कपाटापाशी जाऊन परतली. तिसऱ्या सकाळी तिने दोन्ही बादल्या मोजल्या. रोपांच्या बादलीत सहा पूर्णांक तीन दशांश. नुसत्या पाण्याच्या बादलीत सहाच.

"ही घे, तुला हवी तशी बादली," वृद्ध म्हणाला. "आकडा जागचा हलला नाही. हिच्यात काय वाढलं?"

"काहीच नाही. हिच्यात झाडच नाही."

"झाड जेवतं म्हणून पाणी बदलतं, पोरी. तू घासागणिक त्याच्यापुढचं ताट ओढत होतीस. आकडा साडेसहाच्या पुढे जाऊ लागला, तर थोडे थेंब घाल, पाणी सगळीकडे फिरू दे, मग मोज. तोवर त्याला हलू दे." त्याने कपाटाची किल्ली तिच्या हाती दिली.

"आणि भीती वाटली तर?"

"वाटेलच. मला अजून वाटते. तेव्हा पानं बघावीत. बाटली उघडू नये."

शनिवारी व्यापारी आला. बाहेरची पाने पिवळीच होती. गाभ्यातली नवी मात्र हिरवी फुटली होती. शिष्येने काही लपवले नाही. "चूक माझी होती. अजून चार दिवस द्याल?"

त्याने गाभ्यातले एक पान तोडून चावले. बराच वेळ चावत राहिला. "बुधवारी येतो," म्हणाला.

तो गेल्यावर तिने पाणी मोजले. सहा पूर्णांक दोन दशांश. तिचा हात बाटलीकडे गेला, थांबला. मग ती रोपांपाशी जाऊन एकेक पान पाहू लागली.

ज्याची काळजी वाहायची, त्याला थोडे हलायलाही जागा द्यावी लागते.