मानाचा ओटा

धाण्! धाण्! तोफा ओतायचा कारखाना बंद पडून कितीतरी वर्षं झाली होती, तरी तिथले घण सुभाना गवंड्याच्या कानांत लहानपणासारखेच वाजत. नदीकाठचं जुनं स्मशान दर पुरात बुडायचं, म्हणून राजाने त्याच ओसाड जागेवर त्याला नवं स्मशान बांधायला सांगितलं.

सुभानाने जीव लावून काम केलं. भट्ट्यांच्या पक्क्या जमिनीवर दहनाचे ओटे घातले. तोफांचे साचे जिथे पुरत, ती मऊ माती दफनासाठी ठेवली. मधे पाण्याचा हौद, टेकायला कडुनिंबाचा पार. सगळं झालं, आणि भांडण लागलं!

मोठ्या भट्टीच्या जागचा ओटा बाकीच्यांपेक्षा हातभर उंच होता. प्रत्येक मानकरी म्हणे, तो आमचाच!

"होळीत पहिली पोळी आमची!" सरनोबत गरजले. "मग उंच ओटा दुसऱ्याचा कसा?"

"आणि आमच्या घरचं माणूस खालच्या ओट्यावर जळणार?" देशमुख कडाडले.

राजा मोठा हट्टी. म्हणाला, "सुभाना, ओटा पाडायचा नाही. मान एकाच घराला द्यायचा, आणि रुसायचं कोणी नाही! उद्या दरबारात वाटणी सांग, नाहीतर गाव सोड!"

सुभाना घरी आला तो थापी-ओळंबा फडक्यात बांधू लागला.

"बाबा, आधी जेवा," त्याची लेक तानू म्हणाली. "उद्या मी येते."

"तू येऊन काय करणार, पोरी?"

"वाटणी!"

दुसऱ्या दिवशी दरबार भरला. तानू पुढे झाली.

"सरकार, वाटणी सोपी आहे. ज्या घरचा कर्ता पुरुष उंच ओट्यावर सगळ्यांत आधी जाईल, त्या घराचा तो ओटा, पिढ्यान् पिढ्या! बोला, कोण आधी जातंय?"

मानकरी एकमेकांकडे पाहू लागले.

सरनोबतांनी घसा खाकरला. "आमची काही घाई नाही. देशमुख वडीलधारे. मान त्यांचाच."

"छे छे! मी कुठला वडील? नुसते केस पिकलेत! पण सरनोबत, तुमचा तो खोकला..."

"खोकला गेला! आज सकाळीच गेला!"

"मग रुसलंय का कोणी?" तानूने विचारलं.

सगळ्या पगड्या नकारार्थी हलल्या. सुभानाने पहिल्यांदा नीट श्वास घेतला.

राजाने मिशीवर हात फिरवला. "आणि पोरी, तो ओटा आम्हालाच हवा असेल तर?"

तानू हात जोडून म्हणाली, "सरकार, तो तुम्हाला मिळू नये, म्हणून तर आधी यांना विचारतेय!"

राजा एवढा हसला की डोळ्यांतून पाणी आलं. त्याने हातातलं सोन्याचं कडं तानूच्या मनगटात घातलं आणि सुभानाला विहिरीसकट मळा इनाम दिला.

"काय सरनोबत," तो हसतच म्हणाला, "मग तुमचं नाव घालायचं ना ओट्यावर?"

सरनोबत उठले, जोडे पायांत सरकवले आणि घाईघाईने घरच्या वाटेला लागले.