हिरड्याची राई

गोदेच्या काठी सुमंगल नगरात राजा अरिंजय राज्य करीत असताना बोधिसत्त्व त्याच्या अमात्याच्या कुळात जन्मला. त्याचे नाव सोमिल. तक्षशिलेत बारा वर्षे शिकून तो परतला आणि पित्यामागे अमात्य झाला. नगरात राजाची वैद्यशाळा होती, औषधेही भरपूर होती. पण वैद्यापुढे रिकाम्या हाताने जाऊ नये अशी चाल होती, आणि वेळेला हाती काही नसल्यामुळे कुंभारवाड्यातून तिथे कोणी येत नसे, आणि दर साथीत तिथलीच माणसे मरत.

सोमिलाने राजाची आज्ञा मिळवून दवंडी पिटवली, की यापुढे भेट आणण्याचे कारण नाही. महिना गेला. कुंभारवाड्यातून एकही माणूस आला नाही.

तेव्हा तो स्वतः तिकडे गेला. खेमा नावाची कुंभारीण तापाने फणफणलेल्या मुलीला मांडीवर घेऊन मडकी भाजायच्या आव्यापाशी बसली होती. वैद्यशाळेत का येत नाहीस, असे सोमिलाने विचारले. दवंडी तिने ऐकली होती.

“फुकटचं औषध अंगी लागतं होय, दादा?” ती म्हणाली. “परवा आवा उघडेल. मग मडकं घेऊन जाईन.”

मुलगी परवापर्यंत तग धरेलसे दिसत नव्हते. सोमिलाने बोटातली अंगठी पुढे केली. खेमाने हात मागे घेतला. दुसऱ्याच्या भेटीने गुण येत नाही, असे ती म्हणाली.

तो तडक राजसभेत गेला. हकिगत ऐकून राजवैद्य रोहक हसला. “तक्षशिलेत सगळं शिकवतात, अमात्य. एवढा कुंभारवाडा तेवढा राहतो.”

ते खरे होते, म्हणून सोमिल रागावला नाही. वैद्यशाळेत सर्वांत जास्त काय लागते, एवढेच त्याने विचारले. हिरडा, असे रोहकाने सांगितले. वैद्यशाळेच्या वाटेवरच राजाची हिरड्याची राई होती आणि तिच्यावर पहारा असे.

सीमेचा तंटा मिटवल्याबद्दल राजाने सोमिलाला पाच गावे देऊ केली होती.

“महाराज, गावे नकोत,” तो म्हणाला. “राईवरचा पहारा उठवा.”

राजाला हे विचित्र वाटले, पण त्याने पहारा उठवला.

सोमिल पुन्हा आव्यापाशी आला. “राईत हिरडे गळून पडलेत, बाई. वाकून वेचशील तो तुझा.”

खेमा उठली. मुलीला खांद्यावर टाकून तिने वाटेत एक हिरडा वेचला, पदराला पुसला आणि वैद्यापुढे ठेवला. या वेळी रोहक हसला नाही. त्याने तो दोन्ही हातांनी घेतला आणि मुलीची नाडी धरली.

चौथ्या दिवशी ताप उतरला. आवा उघडल्यावर खेमा मडकेही घेऊन आलीच. ते वैद्यशाळेच्या दारात ठेवले गेले, आणि कुंभारवाड्यातून येणारा प्रत्येक जण त्यात आपला हिरडा टाकू लागला.

पूर्वजन्मीची एवढी कथा सांगून शास्ता भिक्षूंना म्हणाले, “तेव्हाचा रोहक म्हणजे आज विहारात आजाऱ्यांची सेवा करणारा सुदंत. खेमा ती भिक्षुणी उत्तमा. आणि दवंडी पिटवून महिनाभर वाट पाहत बसलेला अमात्य मीच होतो. विचारायला गेलो, तेव्हा कुठे माझ्या करुणेला प्रज्ञेचे डोळे आले.”

ही बोधिसत्त्वाची त्या जन्मातली प्रज्ञापारमिता.